जेथे कोणीही शेवंडी धरत नाही

ल्यूडरिट्स, ११ ऑगस्ट २०१४

ओटिली बाळे,

ज्या मामाने तुला पोहायला शिकवण्याच्या मिषाने दोनदा बुडवले, तो तुझा मामा झकारियास बोइस प्रस्तुत पत्र लिहिण्यास सिद्ध झाला आहे. दूरध्वनी का करत नाही, असे विचारू नकोस. आमच्या वस्तीत दूरध्वनीची लहर फक्त मासळीच्या कारखान्यामागच्या उतारावर पोहोचते, आणि तेथे उच्चारलेले वाक्य वक्त्याच्या आधी घरी पोहोचते. मागच्या गुरुवारी तुझी मामी मागदालेना तेथून आपल्या बहिणीशी माझ्या घोरण्याविषयी बोलली; रविवारी उपासनेनंतर तीन जणांनी मला तीन निरनिराळी औषधे सुचवली.

वृत्तान्त असा. एक कंपनी आपल्या किनाऱ्यालगतचा समुद्रतळ जहाजाला जोडलेल्या अजस्र नळीने उपसून हिरे काढू इच्छिते. परवाना मिळण्यापूर्वी पर्यावरणाचा अभ्यास झालाच पाहिजे, असा तुम्हा राजधानीतल्या, विंडहुकवासी विद्वानांचा दंडक. तदनुसार एंगेलब्रेख्त नावाच्या एक सल्लागार बाई आल्या. त्यांनी गावच्या हॉलमधल्या भिंतीवर पलंगाएवढा नकाशा टांगला आणि आम्हा तेवीस होडीवाल्यांसमोर टाचण्यांची डबी ठेवली.

"तुम्ही शेवंडी जिथं धरता, तिथं टाचणी टोचा," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर जागा दाखवा हं. जहाज तिथं येऊ नये म्हणूनच विचारतेय."

"बाई, आमच्या पोटात लपवण्यासारखं काही नाही," टिटस स्वार्टबोई म्हणाला. "सकाळी पाव खाल्लाय तेवढाच."

आणि या सत्यवचनी पुरुषाने आपली टाचणी अशा ठिकाणी टोचली, जेथे दोन मैल निव्वळ वाळू आहे. त्या वाळूत शेवंडीला लपायला कपार नाही आणि टिटसच्या वाणीत सत्याला नाही. पाठोपाठ प्रत्येक जण उठला, इतर बावीस जणांच्या डोळ्यांदेखत गंभीर मुद्रेने नकाशाजवळ गेला, आणि आपल्या जन्मात जेथे जाळे टाकले नाही अशी जागा शोधून तेथे टाचणी रोवून आला. येशूला त्याचा शिष्य पेत्र याने तीनदा नाकारले. तोही व्यवसायाने मच्छीमारच होता.

माझ्या टाचणीविषयी एवढेच नमूद करतो, की ती मी पूर्ण विचारान्ती टोचली.

तू ज्या कार्यालयात असले परवाने तपासतेस, तेथे हा नकाशा येतो काय? आल्यास त्याचे पुढे काय होते? निव्वळ जिज्ञासा. सोबत वाळवलेला स्नूक मासा धाडत आहे.

तुझा,
वारा खाऊन जगणारा मामा

———

विंडहुक, २५ ऑगस्ट

मामा,

स्नूक पोचला. पत्रही पोचलं, पण ते स्नूकमध्येच गुंडाळलेलं होतं. ऑफिसात पाकीट उघडल्यापासून माझ्या टेबलाकडे कुणी फिरकलेलं नाही. त्यामुळे कामं भराभर उरकतायत, त्याबद्दल आभार.

तुझ्या नकाशाची प्रत आली, ती थेट माझ्याच टेबलावर. मी त्याच दिवशी साहेबांना सांगितलं की या गावात माझा सख्खा मामा होडी घेऊन बसलाय. नियमच तसा आहे. फाईल माझ्या शेजारच्या टेबलावर गेली आणि आता मला ती उघडता येत नाही. पण अहवालाचा मसुदा सगळ्यांना खुला असतो. तुमच्या नगरवाचनालयात एक प्रत ठेवली आहे. मी जे वाचलं ते तूही वाचू शकतोस. पान ४१ काढ.

तिथं लिहिलंय की तुम्हा तेवीस जणांपैकी एकोणीस जण बंदराच्या तोंडाशी शेवंडी धरतात आणि चार जण वाळूत. आणि पुढे: "दक्षिणेकडील खडकाळ पट्टा, जेथे कोणीही शेवंडी धरत नाही, तेथून उपशास आरंभ करणे सर्वांत कमी हानिकारक ठरेल."

मामा, बंदराच्या तोंडाशी गावाचं सांडपाणी येतं. लहानपणी तू मला तिथं पायसुद्धा बुडवू देत नव्हतास. आणि आता तिथं एकोणीस होड्या?

त्या नळीनं तळाचे गोटे वर ओढतात, हिरे वेचतात आणि उरलेला सगळा राडा परत पाण्यात सोडतात. तो गाळ खाली बसताना खडकांच्या कपारी बुजवतो. शेवंड कपारीत राहते हे मला तूच शिकवलंस, माझं बोट आत घालायला लावून.

४ ऑक्टोबरला, शनिवारी, त्याच हॉलमध्ये शेवटची सभा आहे. लेखी असो की तोंडी, हरकत त्या दिवसापर्यंतच. त्यानंतर कुणी कितीही खरं बोललं तरी ते कुठं लिहिलं जाणार नाही.

दक्षिणेच्या पट्ट्यात खरंच कुणी जात नाही का? तू जात नाहीस का?

ओटिली

———

ल्यूडरिट्स, ८ सप्टेंबर

ओटिली,

तुझ्या पत्राने माझ्या अंतःकरणात यत्किंचितही खळबळ उडाली नाही. कॉफी सांडली, ती वाऱ्यामुळे. खिडकी बंद होती असे तुझी मामी म्हणते. परंतु साक्षीदार म्हणून तिची विश्वासार्हता मी विवाहाच्या दुसऱ्याच वर्षी फेटाळली आहे.

मी वाचनालयात गेलो. ग्रंथपालबाई म्हणाल्या, या आठवड्यात तो अहवाल मागणारा मी सातवा. आधीचे सहा कोण, हे सांगण्यास त्यांनी नकार दिला. मात्र पान ४१ वर निरनिराळ्या आकारांचे अंगठे उमटलेले होते आणि त्या पानाला आमिषाच्या मासळीचा स्पष्ट दर्प येत होता. बाकीचा ग्रंथ कोराकरकरीत.

तदनंतर मी टिटसकडे गेलो. तो अंगणात जाळ्याचे कडे ठोकत बसला होता.

"टिटस, अहवाल वाचलास का रे?"

"मला कुठाय वेळ? पान एक्केचाळीस तर मी बघितलंसुद्धा नाही."

"मी पानाचा आकडा सांगितलाच नाही."

"मग आता कशाला सांगतोस?"

मी पालथ्या बादलीवर बैठक मारली. तो ठोकत राहिला.

"मी काय म्हणतो," मी म्हणालो, "दक्षिणेला कुणी जात असेल, तर त्यानं सभेत उठून सांगून टाकावं. सगळ्यांचंच भलं."

"कोण जाणार बाबा तिकडं? खडक किती!"

"हो ना. फार खडक."

"होडी फुटायची."

"फुटायचीच."

आम्ही दोघेही समुद्राकडे पाहत होतो. दक्षिणेकडे मात्र दोघांपैकी एकानेही मान वळवली नाही.

आता एक सैद्धान्तिक प्रश्न. समज, कोणी एक काल्पनिक गृहस्थ आहे. त्याच्या दिवंगत पित्याने त्याला पाण्याखालचे, शेवंडींच्या कपारींचे एक खडप दाखवून ठेवले आहे. हा सद्‌गृहस्थ स्वभावतः सत्यवादी, परंतु जन्माने ल्यूडरिट्सचा. त्याने ती जागा एका बंद पाकिटात लिहून, पाकिटावर लाख लावून, तुमच्या कार्यालयात पाठवली आणि तुम्ही ती वाचून तत्काळ विसरून गेलात, तर चालेल काय?

मागदालेना हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचत आहे. ती म्हणते, "देवाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. आता एकदा शेवंडींनाच विचार, त्यांची काही हरकत आहे का."

तुझा,
कोणत्याही काल्पनिक गृहस्थाशी संबंध नसलेला मामा

———

विंडहुक, १७ सप्टेंबर

मामा,

तुझ्या काल्पनिक गृहस्थाला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, बंद पाकीट चालत नाही. आलेली प्रत्येक हरकत नावासकट परिशिष्टात छापली जाते आणि कुणीही ती वाचू शकतो. मला हे जाचक वाटत नाही, बरोबरच वाटतं. आज तुमचं पाकीट बंद ठेवलं, तर उद्या कंपनीचंही बंद ठेवावं लागेल.

म्हणजे दोनच वाटा. गप्प बसलात तर खडप गाळाखाली जाईल आणि गुपित मात्र शाबूत राहील. बोललात तर गुपित जाईल आणि खडप वाचू शकेल. वाचेलच असंही मी सांगू शकत नाही, कारण फाईल माझ्याकडे नाही. असती तरी सांगितलं नसतं.

तू बोलणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तू आजोबांचाच मुलगा आहेस. म्हणून आता ऑफिसची खुर्ची बाजूला सारून लिहिते.

आपल्यात भाच्याभाचीचा मामावर काय हक्क असतो, ते आजीनं मला शिकवलं होतं. मामाच्या कळपातलं उत्तम जनावर बोट दाखवून मागायचं, आणि मामानं तोंड वाकडं न करता ते सोडून द्यायचं. माझ्या भावानं तुझी गिटार नेली, तुझा लोकरी कोट नेला, तेव्हा तू दारात उभा राहून हसत होतास, आणि आत जाऊन मामीवर ओरडलास. मी आजवर काही मागितलं नाही. मागणार तरी काय? तुझ्याकडे गाय नाही, शेळी नाही. एक कोंबडा होता, तो वाऱ्यानं नेला.

मामा, तुझ्या कळपात एकच जनावर आहे आणि ते पाण्याखाली उभं आहे. ते मी मागते.

मला पोचतं करायला विंडहुकला आणू नकोस. ४ ऑक्टोबरला हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, नकाशावर टोच. तेवढं केलंस की ते मला मिळालं.

हे ऑफिसर मागत नाही. ऑफिसरला तुझ्याकडे काहीच मागता येत नाही. भाचीला येतं.

ओटिली

———

ल्यूडरिट्स, २९ सप्टेंबर

ओटिली,

तुझी आजी, म्हणजे माझी आई, अतिशय अविचारी स्त्री होती. असली शस्त्रे अल्पवयीन मुलींच्या हाती द्यायची नसतात.

बारा दिवस मी उत्तर दिले नाही, कारण बारा दिवस मी या प्रथेत पळवाट शोधत होतो. प्रथम वाटले, कळपाचा अर्थ चतुष्पाद. शेवंडीला पाय दहा. हा मुद्दा मी वस्तीतल्या वयोवृद्ध आन्नातान्नींपुढे मांडला. त्या ब्याण्णव वर्षांच्या आहेत आणि प्रथांच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. त्या म्हणाल्या, "मागितलंय ना पोरीनं? मग दे की. कुजका मामा कुठला!" खटला तेथेच निकालात निघाला.

तर मग ऐक. काल्पनिक गृहस्थ काल वारला.

खडप आहे. माझ्या वडिलांनी मला ते मृत्युशय्येवर सांगितले. आयुष्यभर माझ्याशी जे चारसहा शब्द बोलले, त्यांतले निम्मे त्या खडपाविषयी होते. मी तेथे केवळ मंगळवारी जातो, पहाटेच्या धुक्यात, कड्याची जाळी घेऊन. फुगे पाण्यावर सोडत नाही, खूण ठेवत नाही. उरलेले सहा दिवस मी खडपाला विश्रांती देतो. इतरांसारखा मी हावरा नाही. ही माझी सागरनीती, आणि तिचा मला, चर्चमधल्या ज्येष्ठाला शोभेल इतपतच, गर्व आहे.

आणि माझी टाचणी सांडपाण्याच्या तोंडाशी आहे. त्या एकोणीस थोर पुरुषांमधला मी पहिला. माझ्यामागून बाकीचे आले, कारण झकारियासने टोचली म्हणजे तेथे नक्की काही नाही, हे सर्वांना ठाऊक होते.

बाळे, त्या खडपाने तुझ्या आईला वाढवले आणि तुला वसतिगृहात धाडले. आजवर माझ्या मालकीचे म्हणून जगात जे काही होते, ते एवढेच. होडीसुद्धा अर्धी मेहुण्याची. शनिवारी मी उठेन आणि मोसम उघडताच तेथे तेवीस होड्या असतील. वर कंपनीनेही ऐकले नाही, तर तेवीस होड्या आणि गाळ.

तरीही तू मागितले आहेस. मी तोंड वाकडे न करण्याचा सराव आरशापुढे करत आहे.

मामा

———

ल्यूडरिट्स, ६ ऑक्टोबर

ओटिली,

तुझे जनावर तुझ्या हवाली केले. पावती म्हणून हे पत्र जपून ठेव. सविस्तर लिहितो, कारण असा दिवस या नगरीत पुन्हा उगवणे नाही.

हॉल भरला होता. पुढच्या रांगेत कंपनीचे दोन सभ्य गृहस्थ, वाऱ्याने केशरचना विस्कटलेले. भिंतीवर तोच नकाशा, त्याच तेवीस टाचण्या. एंगेलब्रेख्तबाईंनी विचारले, "कुणाला काही दुरुस्ती सुचवायची आहे?" वाऱ्याने छताचा पत्रा कोणत्या खिळ्यावर वाजतो, तेही सर्वांना कळले.

मागदालेनाने मला कोपराने ढोसले. मी उठलो आणि नकाशापाशी जाऊन माझी टाचणी उपटली.

"ही टाचणी असत्य आहे," मी म्हणालो. "मी चर्चमधला ज्येष्ठ असून, जुलैपासून या भिंतीवर माझे असत्य टांगलेले आहे."

"एकट्याचंच?" मागून मागदालेना.

आता टाचणी खऱ्या जागी रोवायची. आणि येथे, ओटिली, मला घाम फुटला. कारण त्या नकाशावर माझे खडप मला सापडेना! मी ते वरून कधी पाहिलेच नव्हते. मला ते होडीतून ठाऊक. किनाऱ्यावरच्या खुणा एकमेकींवर आल्या, की जाळे सोडायचे. मी तेथे हातात टाचणी घेऊन, एखाद्या परदेशी पाहुण्यासारखा निळ्या कागदाकडे पाहत उभा. कंपनीचे एक गृहस्थ मंद हसले.

बाई मात्र शहाण्या. त्यांनी पट्टी आणि पेन्सिल घेतली. "खुणा सांगा. मी रेघा ओढते."

"एक," मी म्हणालो, "पांढऱ्या खडकानं दीपगृहाचा पाय झाकला पाहिजे." त्यांनी रेघ ओढली. "दोन. चर्चचा मनोरा शीतगृहाच्या धुराड्यावर आला पाहिजे." त्यांनी पट्टी धुराड्यावर ठेवली.

"धुराड्यावर नाही रे!" मागून आवाज आला. "धुराड्याच्या डाव्या कडेवर! उजव्या कडेवर गेलास तर जाळं फाटतं!"

तो टिटस होता.

बोलून गेल्यावर त्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. परंतु चुकीची खूण ऐकून गप्प बसणे या किनाऱ्यावरच्या माणसाला शक्य नाही. एकवेळ तो आपल्या आईविषयी वाईट ऐकून घेईल.

"तुला रे काय ठाऊक?" मी विचारले.

"मला? तूच सांग, तुला कसं ठाऊक? चोरा! माझ्या बापाची जागा आहे ती!"

"तुझ्या बापाची? अरे, माझ्या बापानं मरताना..."

"आणि माझ्यानं काय नाचताना सांगितली?"

"दोघांचे बाप एकाच होडीवर होते की रे, गाढवांनो," आन्नातान्नी पहिल्या रांगेतून म्हणाल्या. "माझा नवरा पण त्याच होडीवर होता."

हे ऐकताच त्यांचा चिरंजीव आपल्या बुटांचे बारकाईने निरीक्षण करू लागला.

"आणि ओहोटीला दोन होड्यांइतकं पुढं सरकायचं," तो बुटांनाच उद्देशून म्हणाला.

"तीन," खिडकीजवळून कोणी दुसऱ्याने दुरुस्ती केली.

मग बांध फुटला. मी माझी टाचणी रोवली आणि एकामागून एक आणखी सहा पुरुष उठले. प्रत्येकाने आपली टाचणी उपटली आणि दोन रेघा जेथे छेदतात तेथे आणून रोवली. सातवी टाचणी मावेना, कागद फाटला. प्रत्येक जण उरलेल्या सहांना चोर म्हणत होता आणि प्रत्येकाचा संताप अस्सल होता. मग बाईंनी विचारले, कोण केव्हा जातो. टिटस सोमवारी. मी मंगळवारी. आन्नातान्नींचा चिरंजीव बुधवारी. असे करत करत शनिवार संपला. सहाच वार झाले, माणसे सात.

"सातवा कोण?" बाईंनी विचारले.

चर्चमधल्या ऑर्गनवादकाचा भाऊ उभा राहिला. गुडघेदुखीमुळे अकरा वर्षे त्याला उपासनेला येता आलेले नाही.

चर्चचे पाळक महाशय दाराशीच उभे होते. प्रथम त्यांचे खांदे हलले, मग पोट, आणि मग सगळा हॉल हसत सुटला. आम्ही सात जण सोडून. मग टिटसला हसू फुटले, आणि त्याचे हसणे तुला ठाऊक आहे, त्याच्या शेजारी कोणाला कोरडे राहता येत नाही.

माझ्या तथाकथित विश्रांतिकालात त्या खडपावर आठवड्याचा एकही दिवस सुट्टी नव्हती, ओटिली! सागरनीती!

गोंगाट शमल्यावर आणखी आठ जणांनी आपापल्या टाचण्या उपटून दक्षिणेकडच्याच दुसऱ्या दोन खडपांवर नेल्या. बाईंनी नकाशाची छायाचित्रे काढली आणि पंधराही जणांच्या सह्या घेतल्या. "म्हणजे दक्षिणेचा पट्टा हेच तुमचं मुख्य ठिकाण आहे, असं लिहू ना?"

"लिहा," मागदालेना म्हणाली, "आणि खाली कंसात लिहा की सगळे खोटारडे आहेत."

मीही माझे म्हणणे लेखी दिले. तीनच पृष्ठांत आवरले.

आता तुमचे कार्यालय काय म्हणते त्याची वाट पाहणे. मोसम तोंडावर आला आहे आणि जहाज बंदरात नांगर टाकून उभे आहे. सकाळी दार उघडले की तेच दिसते.

तुझा,
निष्कांचन परंतु निर्मळ मामा

———

विंडहुक, १५ डिसेंबर

मामा,

निर्णय आज सूचनाफलकावर लागला. मला तो इतरांबरोबरच कळला, जेवणाच्या सुट्टीत, पावाचा तुकडा हातात असताना.

कंपनीला परवानगी मिळाली, पण दक्षिणेचा सगळा खडकाळ पट्टा आणि त्याभोवतीचं दोन किलोमीटर पाणी वगळून. जहाज उत्तरेला जाईल, खोल पाण्यात, दूर. त्याचा गाळ तुमच्याकडे सरकतो का, हे दर आठवड्याला मोजायचं. गढूळपणा ठरलेल्या आकड्याच्या वर गेला, तर उपसा थांबवायचा.

आणि ते मोजायचं कुणी? परिशिष्ट वाचून माझ्या सहकाऱ्यानं अट घातली की कंपनीच्या माणसाबरोबर गावातले दोन मच्छीमार असावेत, आणि दोघांनी एकच आकडा सही करून द्यावा. नावं गावानं सुचवायची होती. एंगेलब्रेख्तबाईंच्या पत्रात दोन नावं आली आहेत: झ. बोइस आणि टि. स्वार्टबोई.

मी पायऱ्यांवर बसून पोटभर हसले. मग थोडी रडले, पण ते कांद्यामुळे. पावात कांदा नव्हता असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

तुझी तीन पानं जशीच्या तशी छापली आहेत. सहकाऱ्यानं मला विचारलं, "हा माणूस कोण आहे गं? हरकत आहे की प्रवचन?" मी म्हणाले, मी त्या फाईलवर काही बोलू शकत नाही.

मला तुझी एकच काळजी आहे. मोसम सुरू होऊन दीड महिना झाला आणि तुझं पत्र नाही. खडप वाचलं, पण तुझ्या वाट्याला काय उरलं?

ओटिली

———

ल्यूडरिट्स, २६ जानेवारी २०१५

ओटिली,

पत्रास विलंब झाला, कारण मी प्रशासकीय कार्यात मग्न होतो. थट्टा नव्हे.

मोसमाच्या आरंभी आम्ही सातही जण टिटसच्या अंगणात खडपाची वाटणी करण्यास बसलो. सर्वांची मुद्रा उत्तरक्रियेला आल्यासारखी. टिटसच्या बायकोने तळलेले गोळे आणि कॉफी आणून ठेवली आणि "भांडलात तर अंगणाबाहेर भांडा" असे बजावून गेली. चिठ्ठ्या टाकाव्या काय, वयानुसार घ्यावे काय, दोन तास ऊहापोह झाला. अखेरीस ठरले, प्रत्येकाने आपल्याला सोयीचा वार सांगावा. टिटस म्हणाला, सोमवार. मी म्हणालो, मंगळवार. आन्नातान्नींचा चिरंजीव म्हणाला, बुधवार. शनिवारपर्यंत आलो तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात आले, की वाटणी पूर्वीच झालेली आहे. गेली किमान अकरा वर्षे ती तशीच होती. फक्त रविवारवाल्याला पाळकांनी हलवले. तो आता गुरुवारी दुपारी जातो आणि रविवारी गातो. गुडघे बरे आहेत. आवाज नाही.

मग तू विचारलेस ते. माझ्या वाट्याला काय उरले? पहिल्या मंगळवारी मी गेलो. जाळी उचलली. मोजल्या. दुसऱ्या मंगळवारी मोजल्या, तिसऱ्या. ओटिली, गेल्या वर्षीइतक्याच शेवंडी! एकही कमी नाही. मी आजवर संपूर्ण खडपाचा स्वामी म्हणून जे घरी आणत होतो, तो नेमका सातवा हिस्सा होता.

यावर काही तात्त्विक भाष्य करावे अशी तीव्र इच्छा होती. मागदालेनाने लेखणी काढून घेतली. आता परत दिली आहे, ती याच अटीवर.

एक लाभ मात्र नवा आहे. पूर्वी धुक्यात दुसऱ्या इंजिनाचा आवाज आला, की मी माझे बंद करून श्वास रोखून बसत असे. आता आवाज आला, की हाक मारतो. परवा जाळ्याची दोरी इंजिनाच्या पंख्यात अडकली, तेव्हा हाकेला उत्तर आले. पूर्वी अडकली होती तेव्हा मी चार तास वल्ही मारली होती, आणि घरी येऊन सांगितले होते, की मुद्दाम.

आता मोजणीविषयी. कंपनीने आम्हाला ताटाएवढी पांढरी चकती दिली आहे, दोरीला बांधलेली. दोरीवर दर हाताला खुणा. चकती पाण्यात सोडायची आणि ती जेथे दिसेनाशी होईल, तेथली खूण मोजून लिहायची. पाणी जितके स्वच्छ, तितकी ती खोलवर दिसते. कंपनीची एक तरुण अभियंता कागद घेऊन मधोमध बसते आणि आम्ही दोघे दोन बाजूंनी वाकतो.

पहिल्या दिवशी चकती बुडाली तेव्हा मी म्हणालो, "आठ."

"सात," टिटस म्हणाला. "तुला म्हातारपणी नसलेलं दिसायला लागलंय."

"आणि तुला असलेलं दिसत नाही. पाणी गढूळ निघालं तर जहाज थांबेल, म्हणून कमी सांगतोयस."

"आणि जहाज खूश राहावं म्हणून तू जास्त?"

"काका," ती अभियंता म्हणाली, "मला एकच आकडा लागतो. दोघांच्या सहीचा."

आम्ही चकती वर ओढली. मी चष्मा पुसला. टिटसने टोपी काढून पाण्यावरची चकाकी अडवली. माझ्या बाजूची नव्हे, फक्त त्याच्या बाजूची. मग जरा विचार करून ती दोघांच्या मध्ये धरली. दोरी सोडली. उत्तरेकडे, क्षितिजाशी, ते जहाज अंगठ्याच्या नखाएवढे दिसत होते. चकती खाली जात राहिली, आधी पांढरी, मग हिरवट, मग भाकरीच्या तुकड्याएवढी, मग केवळ एक शंका. माझे डोके टिटसच्या डोक्याला टेकले होते आणि आम्ही दोघेही श्वास घेत नव्हतो.

"गेली," आम्ही एकदमच म्हणालो.

तुझा,
मामा